म्या मकबूलचाचाला मुका केला

३ नोव्हें. ८६
तोंडानं बोलायची हिंमत न्हाई, म्हनून वहीत लिवतो. बारा फॉर्म म्या खोटे भरले. पेशंटच्या गावाला गेलोच न्हाई. देवगाव फाट्यावर हॉटेलात बसून, भजे खात, समदे एका बैठकीत. बारा पेशंटचे अंगठे पायजेत. हाताची दहा बोटं झाली, मग पायाचे दोन अंगठे. हॉटेलवाला म्हनला, "बब्या, पाय कामून टेबलावर?" म्हनलं, "डॉक्टरनं सांगलंय."

बाईला सांगलं, मोर्च्यानं येष्टी बंद होती, पायी गेलो. नामांतराचा मोर्चा खरा. पर येष्टी दुपारून चालू झालती. बाई म्हनल्या, "एवढं पायी गेलास? जेवलास का?" भज्यावर आनिक वरन-भात खाल्ला.

बाई औरंगाबादच्या. दवाखान्यात रोग्याला कसं वागवत्यात, त्याला काय पायजे, त्याचा अभ्यास करायल्यात. आपन दहावी दोनदा नापास, तरी ठिवलं. मला कुनाशी बी बोलता येतं म्हनून. आन् म्या बोललो भज्याशी.

५ नोव्हें.
फॉर्मात काय लिवलं ते बी लिवतो. शेवटचा सवाल: दवाखान्यात कशाचा त्रास झाला? बाराच्या बारा जनांच्या तोंडी एकच. कंपाउंडर नाव आन् बिमारी मोठ्यानं वरडतो, लाज वाटती. एका म्हातारीच्या तोंडी घातलं, "दुखनं सोसंल, पर त्यो आवाज नगं." लिवताना लय हासू आलं.

कारन खरूज. उन्हाळ्यात मला झालती. कंपाउंडर म्हंजी मकबूलचाचा. त्यानं भरल्या वरांड्यात खिडकीतनं हाळी दिली, "बबन गंगाराम! खरूज! मलम लाव, चड्डी उन्हात वाळव!" पाटलाची सुमन तिथंच उभी. अजून मला बगितलं की वर उन्हाकडं बगती आन् फिदीफिदी.

फिटलं म्हनलं.

१८ नोव्हें.
डॉक्टरसायबानं समद्यांला बोलावलं. बाईनं फॉर्म वाचून दावले. म्हातारीचं वाक्य दोनदा वाचलं. ठरलं. फुडच्या मंगळवारपासून नाव घ्यायचं न्हाई. पत्र्याचे बिल्ले, त्याच्यावर नंबर. सिस्टर पाटीवर नंबर लिवनार, ज्याचा त्यानं बगून आत जायचं. मचा (म्हंजी मकबूलचाचा) आत बसून पुड्या बांधनार. त्यो येवढंच म्हनला, "जी साहेब."

भाईर मला धरलं. "बब्या, बारा लोगां? सच्ची?"
"हाव चाचा."
"मेरे कू लगा लोगां हसतेत."
हासायचे की. लोक लय हासायचे. म्या वाटंला लागलो.

२ डिसें.
सिस्टर बोंबलायली, सतरा नंबरचा बिल्ला गेल्या मंगळवारपासून गायब. वरांडा गपगार. पयले मचा आवाज द्यायचा, "रुक्मिनबाई, म्हैस व्याली का? आत या!" कोन कुठनं आलं, कोनाला काय झालं, कोनासंगं गाडीत बसून वापस जाता यील, समदं कळायचं. आता समदे पाटीकडं बगत बसायलेत. ज्याला वाचता येतं त्यो बगतो, बाकीचे त्याच्या तोंडाकडं बगत्यात.

मचा आत पुड्या बांधायलाय. कागदाचा आवाज तेवढा येतो.

१० डिसें.
आज खरंच गेलो. दवा मधीच सोडलेल्या पेशंटची यादी बाईनं दिली. पयलं नाव भानुदासमामा. धनगर, एकटा जीव, टीबी. दर मंगळवारी गोळ्या न्यायचा, तीन मंगळवार आला न्हाई म्हनून लिवलेलं.

मामा मेंढराच्या वाड्यापशी बसलेला. खोकला असा की मेंढरं बी बगायली.
"मामा, दवा कामून सोडली?"
"म्या कुटं सोडली रं? तीन्ही मंगळवारी आलतो की. सांजपस्तोर बसलो पायरीवर. खोकतो, म्हनून लोकात बसत न्हाई."
"मग?"
"नाव कुनी घेतलंच न्हाई."

मग गळ्यातली दोरी भाईर काढली. दोरीत बिल्ला. सतरा नंबर.

"मामा, ह्यो वापस द्यायचा असतोय. दर खेपेला नवा."
"आसं? मला वाटलं, मेंढराच्या कानाला निशानी करतो तशी आपली बी केली. एकदा केली की जल्माची."

पयल्या दिशी पाटीवरचा सतरा त्याला वाचता आला न्हाई. इचारायची लाज वाटली. फुडल्या दोन खेपांला त्योच बिल्ला गळ्यात घालून बसला. नवा मागितलाच न्हाई.

"त्यो बाबा मुका झालाय का रं?" मामा म्हनला. "पयले खिडकीतनं वरडायचा, भानुदासा, मेंढरं कुनावर टाकून आलास? महिन्यात माहं नाव घेनारा त्यो एकटाच."

फॉर्म काढला न्हाई.

११ डिसें.
मामाला येष्टीत घालून आनलं. डॉक्टर म्हनले, गोळ्या तुटल्या, आता पयल्यापासून. सुया बी रोजच्या. "तीन आठवडे काय करत होता?" म्हनून मामालाच खडसावलं. मामा मान खाली घालून बसला. म्या भिताडाला टेकून उभा. माहं तोंड होतं की तिथंच. आजवर कवा बंद न्हाई ऱ्हायलं, आजच.

मचा पुड्या टाकून भाईर आला. मामाला बगितलं, तोंड उघडलं, सिस्टरकडं बगितलं, मिटलं. नुस्ता खांद्यावर हात ठिवला.

१२ डिसें.
बाईला सांगायला गेलो. मामाचं सांगितलं. बाईनं पेन खाली ठिवला.
"वाईट झालं. पण एका माणसासाठी बारा जणांचं म्हणणं कसं डावलू, बबन? पहिल्यांदा कुणीतरी त्यांना विचारलंय."
म्हनलं, "बाई, त्ये बारा जन..."
"अहवालात तुझं नाव घालतेय. सोमवारी मुंबईला पाठवायचा. पटला तर बिल्ले सगळ्याच दवाखान्यांत होतील."
समद्या. म्हंजी समदीकडच्या भानुदासमामांला.
"काय म्हणत होतास?"
"काय न्हाई. शाई संपलीय."

१३ डिसें.
मचा घरी आला. आईनं च्या ठिवला. बशीत वतला पर पेला न्हाई.
"बब्या, वो बारा लोगां के घर दिखा. उद्या ऐतवार हाय."
"कामून?"
"माफी मांगूंगा. तीस बरस लोगां का नाम लिया मैं. किसी कू इत्ता दुखा, मालूमच नै पडा."
"नावं सांगायची नसत्यात चाचा. बाईचा कायदा."
"नाम मत ले. घर के सामने पीठ पे थाप मार, बस. मैं समझ जाऊंगा."
आई मधीच म्हनली, "जाईल की त्यो. नुस्ता तर बसतोय."

१४ डिसें. सकाळी
मचा दारात आलाय. सायकलीत हवा भरायलाय. धुतलेला कुर्ता घातलाय, आंघोळ करून, ईदीला निघाल्यावानी. आईला सांगायलाय, पोराला म्हना, कॅरियर घट्ट धर, रस्ता खराब हाय.

पयल्या घरापस्तोर दोन कोस. तेवढ्यात सांगनार. सांगीनच. पाठीमागं बसल्यावर त्याचं तोंड दिसत न्हाई, ते एक बरं. उद्या सोमवार, कागद मुंबईला जायच्या आत बाईला बी. पर आधी त्याला.

ही वही कुनाच्या हाती लागली आन् वाचलीच असंल, तर पाया पडतो, कुनाला सांगू नका. बाईला न्हाई, मामाला न्हाई, माह्या आईला तर न्हाईच. आन् मकबूलचाचाला बिलकुल सांगू नका. त्याला दुसऱ्या कुनाच्या तोंडून कळू नये. तेवढं माह्यासाठी ठिवा.

वरडायलाय, "बब्या, चल!" आलो म्हनलं.