खून चालेल, राजकारण नको

शुक्र., ७ नोव्हेंबर
पाटणकरांनी माझा लेख कापला. म्हणजे बकऱ्याची मुंडी ठेवली आणि बाकीचा बकरा फेकून दिला.

इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी 'माझा आवडता लेखक' लिहा म्हणून हेच संपादक महाशय तीनदा मागे लागले. "हमीदभाई, तुम्ही त्या इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचता, लिहा की!" लिहिला. महिनाभर खपून लिहिला. आमच्या स्कॉटलंडच्या म्हाताऱ्यावर. अर्धा त्याच्या खुनांवर, अर्धा त्याच्या मतांवर. आज मेल: पहिला अर्धा 'फार सुरेख', दुसरा 'जागेअभावी' गाळला. जागेअभावी! मग सोनाराची पानभर जाहिरात कुठून मावते?

फोन लावला.
"अहो, आपण परक्या मुलखात पोट भरतो. खून चालेल, राजकारण नको."
"राजकारण स्कॉटलंडचं आहे पाटणकर. कुवेतचा त्यात क पण नाही."
"तरी पण. संप, युनियन असले शब्द आहेत त्यात. कशाला विषाची परीक्षा?"

मोबाइल आपटता येत नाही, हा या काळाचा मोठाच तोटा. जुम्म्याच्या नमाजेतसुद्धा डोक्यात पाटणकर. तोबा तोबा.

शनि., ८ नोव्हें.
राग उतरलेला नाही. नसीम म्हणते, एका लेखापायी बी.पी. वाढवून घ्या.

लेख नाही गं. म्हातारा.

नऊ वर्षांपूर्वी शुक्रवार बाजारात एका खोक्यात सापडला, सात पुस्तकं, कोणीतरी घर आवरून देशी जाताना टाकलेली. पहिलं पुस्तक खून कोणी केला म्हणून वाचलं. दुसऱ्यापासून खून कोणी केला याला किंमतच राहिली नाही. म्हाताऱ्याचा बाप गोदी कामगार. त्यामुळे ह्याचा इन्स्पेक्टर प्रेताच्या आधी प्रेताचे जोडे बघतो, तळवे किती झिजलेत ते. मेलेला माणूस काय काम करत होता हे कळल्याशिवाय म्हातारा पुढे सरकतच नाही. दुसऱ्या कोणाला सुचतं हे?

आणि मतं लपवत नाही. स्कॉटलंडने आपला कारभार आपण करावा म्हणतो. (ते मला पटतंच असं नाही. मी काय कोकण वेगळं मागतोय?) राजवाड्यातून मानाची पदवी आली ती परत केली. पंचाहत्तरी उलटली तरी हॉस्पिटलच्या झाडूवाल्या बायकांच्या संपात टोपी घालून उभा. पेपरात फोटो होता, कापून ठेवलाय. वाचकांनी पत्रं लिहिली की तुम्ही आपले खून लिहा, बाकीच्यात पडू नका. त्यावर त्याचं उत्तर एवढंच होतं, की मी खुनांबद्दलच तर बोलतोय.

नेमकं हेच पाटणकरांनी कापलं. भित्रे लेकाचे. अंकावर मात्र 'निर्भीड' छापतील.

रवि., ९ नोव्हें.
ऑफिसात चंद्या आला. चंद्रकांत गोरिवले, आमच्या कंपनीत सुतार, गुहागरकडचा. फरवानियात आमच्या मागच्याच गल्लीत राहतो, एका खोलीत सहा जण. दाराशी उभा. आत ये म्हटलं तरी चपला काढून उंबऱ्यावरच. अरे ऑफिस आहे हे, देऊळ नव्हे!

"भाई, आवस बरी नाय. डॉक्टरान घरी न्यायला सांगितलान."

म्हणजे कळलंच. पासपोर्ट हवा.

सगळ्या कामगारांचे पासपोर्ट माझ्या मागच्या लोखंडी कपाटात. चावी माझ्या खिशात. सुट्टीवर जायचं तर जामिनाचा फॉर्म: दोन सोबत्यांनी सही करायची की हा परत येईल. तो नाही आला, तर सही करणाऱ्यांचे पासपोर्ट दोन वर्षं कपाटाबाहेर येत नाहीत. आणि चंद्याने सही केलेली आहे बारक्यासाठी. बारक्या शेजारच्या वाडीतला. गणपतीला गेला तो गेलाच, आता चिपळूणला रिक्षा चालवतो.

"गाढवा, सही कशाला केलीस?"
"गाववाला ना भाई. नाय कसा म्हणणार? घरी आवशीला तोंड दाखवायचा हाय."

हे आपल्याच लोकांना जमतं. कागद वाचायचा नाही, माणूस बघायचा. सही मागितली आणि दिली नाही, तर उद्या वाडीत पाणी कोण देईल! म्हटलं, साहेबांशी बोलतो. जाताना चपला हातात घेऊनच गेला.

मंगळ., ११ नोव्हें.
साहेबांकडे गेलो. आज कोणाची भीड ठेवायची नाही असं ठरवून गेलो. म्हाताऱ्याच्या इन्स्पेक्टरसारखा टेबलासमोर उभा राहिलो, बसलो नाही.

सांगितलं की आई शेवटच्या घटका मोजतेय. सांगितलं की इथल्या कायद्यानेसुद्धा पासपोर्ट ज्याचा त्याच्यापाशी असायला हवा, आपण ठेवतो हेच चूक. आवाज चढला माझा. बाहेर टायपिस्ट थांबली.

साहेब शांत. चहा ढवळत होते. म्हणाले, "हमीद, रूल मैंने बनाया क्या? फॉर्म तो तुम्हारा ही है।"

 

बुध., १२ नोव्हें.
खरं आहे. फॉर्म माझाच.

चौदा वर्षांपूर्वी साहेब पासपोर्ट कोणाला देतच नव्हते, वर्ष वर्ष. लोक रडायचे माझ्यापुढे. मीच डोकं लढवलं: साहेब, दोन सह्या घेऊ, जबाबदारी त्यांच्यावर टाकू, तुम्हाला घोर नाही. स्वतः टाइप केला. खाली रेघा मारल्या. शिक्षेचं कलमसुद्धा मीच घातलं, नाहीतर साहेब मानणार नाहीत म्हणून. त्यांनी पाठ थोपटली. मी घरी येऊन नसीमला फुशारकीने सांगितलं की आज मी लोकांचं भलं केलं. आणि झालंही होतं भलं! पहिल्याच वर्षी तीसेक जण घरी जाऊन आले. मिठाई आणून दिली होती त्यांनी.

आता एक गोष्ट लिहितो, नाहीतर झोप येणार नाही. म्हाताऱ्याच्या प्रत्येक कादंबरीत एक सभ्य कारकून असतो. खून करत नाही. कोणाला शिवी देत नाही. फक्त कागद व्यवस्थित तयार करतो. त्या कारकुनाला मी दर वेळी मनापासून शिव्या घातल्यात. समासात पेन्सिलीने 'नालायक' लिहिलंय. आज पुस्तक काढून बघितलं. माझंच अक्षर.

संताप संताप झालाय. पाटणकरांवर ओरडलो, साहेबांवर ओरडलो. आता कोणावर ओरडू?

दुपारी चंद्या परत. भावाने व्हिडिओ कॉल लावून दिला होता म्हणे. आईने आवाज ऐकला आणि फोनकडे बघायचं सोडून दाराकडे बघितलं. "चंद्या आलाय काय?" म्हणून विचारलं तिने. सांगताना तो रडला नाही, भिंतीकडे बघत राहिला. मीच मान खाली घातली.

गुरु., १३ नोव्हें., सकाळ
चहाला विषय काढला, चंद्याला पासपोर्ट देऊन टाकावा म्हणून. नसीम: "तुमचा डोका फिरलाय काय? दोन वर्षांनी रिटायर होणार तुमी. इथं रहायचा इकामा कोणाचा हाय? साहेबाचा. घर कोणाचा हाय? त्याच्याच भाड्याचा. सना अजून उजवायची हाय."
म्हटलं, तो आपल्या मुलासारखा आहे.
"तुमच्या मुलासारखे दीडशे हायत त्या कपाटात. सगळ्यांचे बाप होणाराव काय?"

तिचंही खोटं नाही. तिच्या बापाला माती द्यायला ती पोचली नव्हती, तेही आठवलं असणार तिला, कारण मग माझ्या पोळीवर दोनदा तूप घातलं.

सना जाब्रियाला क्लिनिकमध्ये लॅबला आहे, निघायच्या घाईत. बूट घालता घालता म्हणाली, "अब्बा, इट्स हिज पासपोर्ट. जस्ट गिव्ह इट." आणि दार लावून गेली. ह्या पोरांना सगळं एका वाक्यात सुटतं. चिडलो. 

गुरु., संध्याकाळ
दिला.

साहेब दुबईला गेलेत, रविवारी येतील. देश सोडायचं परमिट ॲपवर कंपनीने मंजूर करावं लागतं, तो पासवर्डही माझ्याकडेच. (सगळं माझ्याकडे! आणि इतकी वर्षं मी म्हणत होतो, माझ्या हातात काय आहे.) चंद्याला बोलावलं, कपाट उघडलं, पासपोर्ट पुढे ठेवला. उचलेना.

"फॉर्म, भाई?"
"फॉर्म नाही."
"सही कुठं करू?"
"सही नको. घे."
"नको भाई. उद्या चोरला म्हणतील."

ह्याला सहीशिवाय स्वतःची वस्तू घेता येत नाही. हे मी शिकवलं. इतका राग आला की टेबलावर हात आपटला, आणि तो बिचारा दचकला, त्याला वाटलं त्याच्यावरच. शेवटी कोऱ्या कागदावर माझ्या हाताने लिहून दिलं: ह्याचा पासपोर्ट मी हमीदने, माझ्या जबाबदारीवर, ह्याला परत दिला आहे. खाली माझी सही. मग कुठे घेतला. ॲपवर मंजुरीचं बटण दाबलं. लाज नाही वाटत लिहायला, घाबरलो होतो. अजून घाबरलेलोच आहे.

उद्या सकाळचं विमान.

शुक्र., १४ नोव्हें.
विमानात बसला. आत जाऊन फोन केला, "सोडला त्यांनी," एवढंच बोलला.

नमाजेनंतर पाटणकरांचा फोन. तडजोड! दुसरा अर्धा छापतील, फक्त 'युनियन' काढायचं, 'संप' काढायचं, आणि पदवी परत केली त्याऐवजी 'साधी राहणी' असं काहीतरी. मी म्हटलं, उलट मला आणखी एक परिच्छेद घालायचाय, एका कारकुनावर. "कोण कारकून?" शर्कमधला, आमच्या ऑफिसातला, म्हटलं.  मग, "हमीदभाई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

माणूस तसा वाईट नाही. भितो. गेल्या आठवड्यात त्याला लेकाचा म्हणालो, आता तेवढा जोर येत नाही.

शनि., १५ नोव्हें.
दुपारपर्यंत काही नाही. मुंबईहून गाडी मिळाली की नाही कोण जाणे. नसीमने दोनदा विचारलं, चंद्याचा काही? परवा मला वेडा म्हणणारी बाई आज स्वतः फोन घेऊन बसलीय.

चार वाजता मेसेज. 'पोचलो.' बास. आई कशी आहे ते नाही. विचारायला घेतलं, लिहिलं, खोडलं. उत्तर काय येईल त्याला तोंड द्यायची तयारी नव्हती. माझ्या जागी म्हातारा असता तर त्याने विचारलं असतं.

नसीमने उद्यासाठी शर्ट इस्त्री केला, पांढरा. नोकरी गेली तर तुझं काय, म्हटलं. म्हणाली, "माझा काय? मी दापोलीची हाय, मी काय वाळवंटात जन्मली?"

रवि., १६ नोव्हें., ऑफिस
हे टेबलावरच लिहितोय, मध्ये मध्ये.

सातला आलो तर जिन्यात माणसं. चौदा. फरवानियातून पहिल्या बसने आलेत, कामाच्या कपड्यांत. एका खोलीत सहा जण राहतात तिथे बातमी किती वेळ लपणार? वाटलं, सगळ्यांना घरी जायचंय, आता कंपनी बंद पडते आणि मी जेलात जातो. ओरडणार होतो, चला कामावर म्हणून. तोंड उघडलंही होतं.

पुढे गणू शिगवण, गवंडी, वयाने माझ्याएवढाच. म्हणाला, "भाई, मला कुठं जायाचा नाय."
"मग काय हवंय?"
"बघायचाय फकस्त. सात वर्षं झाली, बघितला नाय."

कपाट उघडलं. शोधून दिला. दोन्ही हातांनी धरला त्याने, पानं उलटली, फोटोपाशी थांबला. फोटोत केस काळे. मागच्यांनीही वाकून बघितलं, कोणी तरी हसलं. मग मिटला आणि खिशात घातला.

बघायचा म्हणाला होता.

मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. हात पुढे करून परत मागायचा तर हीच वेळ होती. "गुण्या, तो..." एवढं निघालं माझ्या तोंडून, नावसुद्धा चुकलं. तो म्हणाला, "सही करू काय भाई?"

नको म्हटलं.

तो गेला. दुसरा आला, तिसरा आला, त्यांनीही आपापला घेतला. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, टायपिस्ट धावत येऊन सांगून गेली, साहेब आले. जिन्यावरची माणसं हलली नाहीत, नुसती भिंतीला चिकटून त्यांना वाट करून दिली. बुटांचा आवाज वर येतोय. मी चौथ्याला त्याचं नाव विचारलं.