सात आणि आठ नंबरचे ट्रे

५ जानेवारी
मही नदीकाठच्या उत्खननावर आम्ही दोघं एकाच स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचो. १९७९. शरच्चंद्र माती चाळायचा, मी अश्मयुगातल्या दगडी पात्यांवर काळ्या शाईने नंबर घालायची. कॉन्व्हेंटचं अक्षर, म्हणून.
आज पुरातत्त्व विभागातून मोहनाचा फोन. ती जुनी पाती पुन्हा तपासतेय. म्हणाली, मावशी, काय अक्षर हो! पण सात आणि आठ नंबरच्या ट्रेबद्दल विचारायचं होतं.
दूध उतू जातंय म्हणून मी फोन ठेवला.

६ जानेवारी, सकाळी ७
इथे कोण वाचतंय? लिहूनच टाकते. ते दोन ट्रे माझ्या हातून सांडले होते. वरच्या थरातली आणि खालच्या थरातली पाती एक झाली. मी जमतील तशी भरली आणि वळणदार नंबर घातले. एक मागाहून कॉटखाली सापडलं, ते शिवणाच्या डब्यात आहे.
त्याच थरांवर शरच्चंद्रने पीएचडी केली, मग माझ्याशी लग्न. प्रबंध वाचायचा मला धीर झाला नाही.
उद्या जाऊन सांगणार. मी घाबरट नाही.

७ जानेवारी
गुडघा.

१० जानेवारी
पुन्हा मोहना. फोन उचलला नाही. स्वयंपाकाच्या चिमणाबाईने उचलला आणि सांगितलं, बाई घरीच आहेत, फोनकडे बघत बसल्यात.

१३ जानेवारी
पतंगाच्या मांज्याने गळे चिरतात. उत्तरायण झाल्यावर नक्की. शिवाय, गेलेल्या नवऱ्याचं नाव खराब कशाला? मी गप्प आहे ती केवळ त्याच्यासाठी.

१७ जानेवारी
बेल. दारात मोहना. मी देवघरात गेले, दिवा लावायचा होता. चिमणाबाईने तिला बसवून उंधियू वाढलं.
बाहेर यावंच लागलं. मोहनाकडे शरच्चंद्रची उत्खननातली वही. विचारत होती, निरू म्हणजे तुम्हीच ना? त्याच्या अक्षरात: ‘७ आणि ८ निरूने मिसळले. प्रबंधात धरायचे नाहीत. तिला विचारू नये, रडेल.’
एवढी वर्षं रोज समोर बसून चहा प्यायला.
मोहनाला एवढंच हवं होतं: त्या पात्यांवरचे नंबर पुसले तर चालेल का?

१८ जानेवारी
डब्यातलं पातं मोहनाला, बिननंबरी. टाक आणि दौत चिमणाबाईच्या नातीला. अक्षर छान आहे. ट्रे मात्र तिच्या हातात देऊ नयेत. वही विभागाची, त्या पानाची झेरॉक्स माझी.
पेला कुणालाच नाही.