मीठ-मोहऱ्या

कोपरखैरणे,
रविवार

प्रिय तेजू,

फोनवर बोलता आलं असतं; पण तू ‘आई, कामात आहे’ म्हणतेस आणि मलाही सुटल्यासारखं वाटतं, म्हणून लिहितेय. माझे गुडघे तसेच आहेत. तुझ्या बाबांचं मार्केटातलं माथाडीचं काम सुटलं, आता घरी बसून मला हुकूम सोडतात.

काल वाशीला गेले होते. लहानपणी अत्याचार सोसलेल्यांना भरपाई आणि आधार कसा द्यावा, यावर सरकारी समितीने लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. माइकवर प्रत्येकाला तीन मिनिटं. माझा नंबर तेहतिसावा. बसून बसून कंबरेचं पार लाकूड झालं. कळंबोलीच्या एक राहीबाई म्हणाल्या, पैसं देताल तवा द्या, आदी पोराला समुपदेशनाला न्यायचं रिक्षाभाडं तरी द्या. साहेब लिहून घेत होते. जो उठेल त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागत होतं. नुसतं ऐकूनच मी थकले गं.

तू म्हणशील, आईला हे काय सुचलं. तुझा भरपाईचा अर्ज परत आलाय. तुझ्या आधार कार्डावर अजून आपलाच पत्ता आहे ना, म्हणून इकडे आला, आणि मी तो फोडला. ‘त्या वेळी कोणाला सांगितले होते का?’ या रकान्यात तू लिहिलंयस, ‘नाही’. त्याखाली शेरा आहे, दुजोरा देणारं कोणी नाही. तेजू, किती सांभाळशील मला?

तू सांगितलं होतंस. चौथीत होतीस. हौसेराव मामाच्या खोलीवर डबा घेऊन जाणार नाही म्हणालीस, आणि का तेही सांगितलंस. मी काय केलं? पोरीला नजर लागलीय, काहीबाही बरळतेय, म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून तव्यावर टाकल्या. खूप तडतडल्या, नजर गेली म्हणून मी निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा तुझ्याच हातात दिला. पुढे दर भाऊबीजेला त्याला ओवाळत राहिले. लग्नात मामा पाठीशी उभा नको म्हणालीस, तेव्हा चारचौघांत तुलाच झापलं. मला कळत नव्हतं असं नाही. एकुलता भाऊ, माहेर तुटेल, एवढंच मी बघितलं. मला स्वतःची फार लाज वाटते.

काल नंबर आल्यावर मी उभी राहिले आणि म्हणाले, माझ्या पोरीने आईला सांगितलं होतं. ऐकलं नाही ती आई मी. तीन मिनिटं दिली होती, मला एकही लागलं नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. मग सगळं कागदावर लिहून सही केली, मामाच्या नावासकट. मीठ-मोहऱ्याही लिहिल्यात. तो कागद सोबत पाठवतेय. मला माफ कर, असं म्हणायला तोंड नाही. अर्ज पुन्हा भरायचा की नाही, ते तू ठरव. भरलास तर त्या रकान्यात एवढंच लिही: हो, आईला.

तुझीच,
आई