सायकल विकायची नाही

अहो,

काल आपला मल्लू पुण्याहून आला होता. येताना माझ्या सायकलला इथलंच एक गिऱ्हाईक बरोबर घेऊनच आला. पुढं जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेल्यावर सायकल जिन्याखाली तशीच उभी होती. हवा गेली, चेन गंजली. कडक भाकऱ्या थापायच्या कामाला मी तिथल्याच दुसऱ्या बाईच्या गाडीवर मागं बसून जायचे. तिची सुट्टी ती माझीही सुट्टी. मल्लू फोनवर म्हणायचा, "आता पुरे की, आई. इकडंच ये राहायला."

दर रविवारी तुम्ही माझी सायकल अंगणात उलटी करून बसायचात. एकदा मी पाना मागितला, तर म्हणालात, "तू नको, हात काळे होतील." पिठानं पांढरे झालेले चालत होते, मग काळे का नाही चालत? तेव्हा विचारलं नाही. आज विचारते.

शेवटी खाली राहणाऱ्या शमीमला गाठलं. तिच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, लहानपण तिचं तिथंच गेलं. ती म्हणाली, "मैं करके नहीं देती भाभी. बाजू में बैठती, तुम करो."

पहिलंच पंक्चर. ट्यूब बादलीत बुडवली, बुडबुडे आले तिथं घासून ठिगळ लावलं. टायर फुगला, त्याच्याहून जास्त मी फुगले. सकाळी बघते तर हवा गायब. शमीम म्हणाली, "टायर के अंदर हाथ फिराया क्या?" बाभळीचा काटा आत तसाच होता.

मग चेन. ती ताणायला मागचं चाक ओढलं, तर ते तिरकं बसून एका बाजूला घासायला लागलं. रागानं पाना फेकला. मग मीच जाऊन उचलला, नट सैल केले आणि चाक सरळ बसेपर्यंत उठले नाही.

ब्रेकचे रबर बदलले त्या दिवशी पुलाच्या उतारावर गेले. ब्रेक दाबला आणि सायकल जागच्या जागी थांबली. तेव्हा तुम्ही हवे होतात हो. कुणाला दाखवू? रडू आलं, पण ते घरी पोचल्यावर.

तेव्हापासून कामाला माझी मीच जाते. मल्लूला मात्र यातलं काही बोलले नव्हते.

काल गिऱ्हाईकानं गल्लीत एक फेरी मारली आणि तो मल्लूला म्हणाला, "लई हलकी चालते की. काम कुटं करून घेतलं?"

"मी केलंय," मी म्हटलं. "आणि विकायची नाही. तुम्ही चहा घेऊन जा."

तो गेल्यावर मल्लूनं ब्रेक दाबून बघितला. मग म्हणाला, "रस्त्यात पडलीस तर?"

"पडले तर उठीन. नाही उठता आलं तर तुला फोन करीन. पण तुझे बाबा गेले म्हणून माझं जाणं-येणं थांबवायचं नाही."

"मला वाटायचं, तू दार लावून एकटी बसून असशील," तो खाली बघत म्हणाला. "तिकडं झोप लागत नाही मला."

तेव्हा कळलं. पोरगा सायकल विकायला नव्हता आला, मला न्यायला आला होता. तुमच्यासारखाच, मनातलं सरळ सांगेल तर शपथ!

संध्याकाळी त्याला कामाच्या जागी नेलं. बायकांनी त्याला भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घातली, सुनेसाठी बांधूनही दिली. "काकू नसल्या की आमाला करमत न्हाय," एकजण त्याला म्हणाली. तो हसला. तुम्ही गेल्यापासून मी त्याला हसताना बघितलं नव्हतं. आज सकाळच्या गाडीनं तो गेला, एकटाच.

तुम्हाला एक शब्द देते. दिवाळीला मी मल्लूकडे जाईन. नातवाला मांडीवर घेईन, सुनेच्या हातचं पोटभर जेवीन. आणि भाऊबीज झाली की परत सोलापूरला येईन, आपल्या घरी. दाराचं कुलूप माझं मी उघडीन.

तुमची,
महादेवी