बारा शब्दांचं कुलूप

३ जानेवारी, मंठा

आज 'मूठ'चं उद्घाटन झालं! नारळ फुटला, पेढे संपले. ॲप मात्र एकीनंही फोनमध्ये उतरवून घेतलं नाही.

पुढे कुणी माझं चरित्र लिहिणार असेल तर त्याच्या सोयीसाठी नोंदवून ठेवतो. पुण्यात अकरा वर्षं कॉम्प्युटरपुढे बसून मी, आदिनाथ, गावी परतलो तो साध्या माणसाच्या पैशाला पडदा द्यायला. फोनमधलीच रोकड. बायकांनी नोटा माझ्याकडे आणून द्यायच्या, मी त्या पत्र्याच्या पेटीत ठेवणार आणि तेवढीच रोकड त्यांच्या फोनात सोडणार. नोटा परत हव्या असल्या की उलटं. कुणी कुणाला किती दिले ते बँकेला कळणार नाही, सरकारला कळणार नाही, मलाही नाही. पुण्याची एक संस्था आठ महिने पगार देणार आहे. अट एवढीच की वीस बायकांनी ते वापरून दाखवायचं.

नाव मीच ठेवलं — झाकली मूठ सव्वा लाखाची! मीना म्हणाली, ती म्हण रिकाम्या मुठीबद्दल असते. बायकोला तंत्रज्ञानातलं काय कळतं!

६ जानेवारी

गल्लीतल्या बायकांपुढे तासभर बोललो. तुमची पै न् पै लांब बसून कुणीतरी बघतंय, वगैरे. पुण्यात या वाक्याला टाळ्या पडतात. इथं एकीनं जांभई दिली, दुसरीनं ती पाहून दिली.

शेवटी नंदाबाई बोलल्या. खानावळीत भाकऱ्या थापतात, रोजच्या दोनशे. "भाऊ, ते लांबचं कोन बघतंय ते बघू द्या. माझ्या सासूनं बघू न्हाई, एवढं करता येतं का?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. घरी येऊन ॲपचं चिन्ह बदललं. आता ते पंचांगासारखं दिसतं. सासवा पंचांग कशाला उघडतील? त्यांना तोंडपाठ असतं.

७ जानेवारी

पहिलं गिऱ्हाईक — नंदाबाई! पोरगी आकांक्षा बारावीला आहे, तिला नर्सिंगला घालायचंय. नवरा धर्मराज वाईट नाही, पण भावाच्या डीजेवर त्याचा फार जीव. घरात पैसा दिसला की त्याचा स्पीकर होतो. म्हणून लपवायचे. जुलैपर्यंत अठरा हजार.

मला एकदम जबाबदारी वाटली. दोन दिवस टिकेल.

९ जानेवारी

इमामबी चाचींना भेटलो. कोपऱ्यावर बांगड्या भरतात, माझ्या आईला भरायच्या तेव्हापासून. गल्लीतल्या अर्ध्या बायका चोरून साठवलेले पैसे त्यांच्याकडे ठेवतात. प्रत्येकीची गाठ मारलेली चिंधी, बांगड्यांच्या खोक्यात. नाव नाही, चिठ्ठी नाही. सगळा हिशेब चाचींच्या डोक्यात. मी त्यांना समजावलं की हे फार जुनाट आणि धोक्याचं आहे. तुम्हाला काही झालं तर?

त्यांनी शांतपणे विचारलं, "आन् मोबाईलला काई झालं तर, बेटा?"

मग बारा शब्द सांगितले. प्रत्येक मुठीला, म्हणजे एकेकीच्या खात्याला, बारा शब्दांचं कुलूप असतं. फोन गेला तरी ते बारा शब्द क्रमानं टाकले की दुसऱ्या फोनमध्ये पैसे जसेच्या तसे. शब्दांची यादी मी स्वतः केलीय, दोन हजार घरगुती शब्द, म्हणजे लक्षात राहतील. ॲप त्यातले कुठलेही बारा उचलून देतं.

चाचींनी ऐकून घेतलं आणि गिऱ्हाईकाकडे वळल्या.

११ जानेवारी

बायकांना दम भरला. बारा शब्द कुणालाही सांगायचे नाहीत, मलासुद्धा नाही! आणि एक जरी शब्द कमी पडला तर ब्रह्मदेवाच्या बापालाही मूठ उघडायची नाही. हे शेवटचं वाक्य फार जमलं. दोनदा म्हणालो.

नंदाबाईंना वाचता येत नाही. आकांक्षानं वाचून दाखवले, त्यांनी पाठ केले आणि कागद चुलीत घातला. याला म्हणतात शिस्त! तिघी मात्र कागद मलाच ठेवायला द्यायला आल्या. "तुम्ही शिकलेले, तुमच्याकडं राह्यला तर बरा." कपाळ!

१८ जानेवारी

आमच्याकडे संक्रांतीचं हळदी-कुंकू. वीस-बावीस बायका. मी आतल्या खोलीत तिळाच्या वड्यांवर पहारा देत होतो. बाहेर उखाणे चाललेले. नंदाबाईंची पाळी आली —

सुई मेथी पाटा चिमणी, गूळ आरसा खोपा,
दोरी मूग परात ताक, धर्मराजरावांमुळं संसार झाला सोपा!

हशा पिकला. माझ्या घशात वडी अडकली. सगळे शब्द माझ्या यादीतले! बाईनं कुलपाची किल्ली उखाण्यात घालून भर बैठकीत म्हणून दाखवली. वर बायकांनी "पुन्हा, पुन्हा" म्हणून दोनदा म्हणायला लावली.

नंतर त्यांना गाठून सांगितलं, नवी मूठ काढा, नवे शब्द घ्या. त्या म्हणाल्या, आता हे बसलंय तोंडात, दुसरं बसायचं न्हाई. विसरू नये म्हणूनच उखाणा केला, चार जणींत म्हणलं की पक्कं होतं.

१९ जानेवारी

नळावर दोन पोरी तो उखाणा म्हणत होत्या. मी मान खाली घालून निघून आलो.

२ मार्च

अजून नंदाबाईंच्या मुठीला कुणी हात लावलेला नाही. अर्ध्या गल्लीला किल्ली ठाऊक! यावर एखादा शोधनिबंध लिहायला हवा. पण कारण काय लिहू?

१० एप्रिल

वीस झाल्या! त्यातल्या चौघी माझ्या नात्यातल्या आहेत हे पुण्याला कळवण्याची गरज नाही. मीना त्यांच्यात नाही. म्हणते, मला तुमच्यापासून काय लपवायचंय? ऐकून बरं वाटलं.

२२ जुलै

नंदाबाईंचा फोन गेला. चोरीला नाही — टबात! "जुने मोबाईल द्या, टब-बादली घ्या" म्हणून ओरडणारा मोटारसायकलवाला आला होता. काच फुटलेला, दिवसाआड बंद पडणारा फोन पाहून त्यांच्या सासूबाईंनी, गिरिजाबाईंनी, तो देऊन टाकला. निळा टब घेतला. मी पाहिला. चांगला मोठा आहे. त्यात अठरा हजार चारशे रुपये गेलेत हे गिरिजाबाईंना माहीत नाही आणि सांगायची सोयही नाही.

फी भरायची शेवटची तारीख पंचवीस. आकांक्षा दारात उभी होती.

आणि मला आजच पुण्याला निघायचंय, तीन दिवस, संस्थेच्या साहेबांपुढे बसायला! माझा जादा फोन मीनाला दिला. म्हटलं, नंदाबाईंना बारा शब्द त्यात टाकायला सांग, रोकड दिसली की पेटीतून नोटा दे. घाबरू नका, म्हणूनच तर हे बनवलंय. छाती काढून बोललो, पण बसमध्ये बसल्यावर तेच वाक्य स्वतःला दोनदा म्हणून दाखवलं.

२५ जुलै, पुणे

मीनाचा फोन. "झालं. उघडलं. फी भरली."

रस्त्यात उभा राहून रडलो. एका रिक्षावाल्यानं विचारलं, काका, बरं आहे ना? काका!

२९ जुलै

अहवाल पाठवला. दुसरं पान पूर्ण नंदाबाईंवर — फोन गेला, कागद नव्हता, तरी केवळ बारा शब्दांच्या आधारे सगळी रक्कम परत. उखाण्याला 'समाजाच्या स्मृतीवर आधारलेली पद्धत' म्हटलंय. जणू ती मीच योजली होती.

८ ऑगस्ट

एक वर्ष मुदतवाढ! आता वीस गावं. मंठ्यातला प्रयोग महिनाअखेर बंद करून सगळ्यांना नोटा परत द्यायच्या. मीनाला बातमी सांगितली तर नुसती "बरं" म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

३१ ऑगस्ट

सगळ्यांना त्यांचे त्यांचे पैसे दिले. पेटी रिकामी व्हायला हवी होती. तळाशी अठरा हजार चारशे!

हिशेबात जास्त पैसे निघण्याची माझी आयुष्यातली पहिलीच वेळ. आधी वाटलं, ॲप चुकलं. तीनदा तपासलं. ॲप बरोबर आहे. एका मुठीत, कुणाच्या ते ॲप सांगत नाही, तेवढेच पैसे अजून आहेत आणि बावीस जुलैपासून ती उघडलेलीच नाही.

अठरा हजार चारशे. हा आकडा मी विसरणार नव्हतो.

१ सप्टेंबर

मीनाला विचारलं. तिनं हात पुसले, समोर बसली आणि सगळं सांगितलं.

नंदाबाईंनी उखाणा म्हटला. शब्द भरले अकरा. पुन्हा म्हटला, पुन्हा अकरा. आकांक्षानं शब्द जानेवारीत एकदाच वाचलेले, तिलाही बारावा आठवेना. हळदी-कुंकवाला आलेल्या एकेकीला बोलावून विचारलं. सगळ्यांना तोच उखाणा पाठ, सगळ्यांचे अकराच. पंचवीस तारखेची दुपार झाली. मग इमामबी चाची बांगड्यांची टोपली घेऊन उठल्या, घरोघर फिरल्या, तासाभरानं आल्या आणि टोपलीतून पैसे काढून नंदाबाईंच्या ओटीत घातले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. मला सांगायचं नाही, हेही तिथंच ठरलं.

मी ओरडलोच — का नाही सांगितलं?

"तुम्हीच म्हणला होता, एक शब्द कमी पडला तर ब्रह्मदेवाच्या बापालाबी उघडत न्हाई. मंग सांगून काय उपयोग होता? तुम्ही तिथं साहेबांपुढं बसल्याले. उगं तोंड सुकलं असतं तुमचं."

खरं म्हणजे एकच शब्द कमी असेल तर कॉम्प्युटर यादीतले दोन हजार शब्द एकेका जागी लावून बघतो. चहा उकळेपर्यंत होतं! ब्रह्मदेवाचा बाप कशाला, मी पुरे होतो. वाक्य छान वाटलं म्हणून बोलून गेलो, आणि त्या बायकांनी ते खरं मानलं.

नंदाबाईंना बोलावलं. बारावा शब्द कुठं गेला? त्या ओशाळल्या. "त्यो घेतलाच न्हाई, भाऊ. हळदी-कुंकवात, मालकाच्या नावाच्या उखाण्यात घ्यावा असा नव्हता. आता तर आठवत बी न्हाई."

कॉम्प्युटर लावायचीही गरज पडली नाही. सवाष्ण बाई कुंकवाच्या दिवशी नवऱ्याच्या नावाजवळ कुठला घरगुती शब्द तोंडातून काढणार नाही? 'मडकं' लावून पाहिलं, नाही. मग 'राख' एकेका जागी लावत गेलो, गुळानंतर, आरशाच्या आधी लागली. उघडलं! अठरा हजार चारशे जसेच्या तसे. यादीत 'चूल'च्या खाली 'राख' मीच लिहिली होती, सोपा शब्द म्हणून.

नंदाबाई पदर तोंडाला लावून हसल्या, मग रडल्या. मीही दोन्ही केलं. म्हणाल्या, हे पैसे आता माझे न्हाईत, ज्यांचे त्यांना द्या.

पुण्याला पत्र लिहिलं. अहवालाचं दुसरं पान खोटं आहे, लिहिताना मला ठाऊक नव्हतं. मुदतवाढ बहुतेक गेली. पत्र टाकून आलो.

२ सप्टेंबर

पैसे इमामबी चाचींकडे नेले. त्यांनी न मोजता खोक्याखाली सारले. कुणी किती दिले होते, विचारलं. म्हणाल्या, ते न्हाई सांगायचं, बेटा.

मग हळूच विचारलं, मीनाचे किती होते?

त्या एका मुलीच्या हातात बांगडी चढवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोन मीना?"