गाण्याला मुदत किती

मिरज, मंगळवार

आज ताराक्काचं गाणं रेकॉर्ड झालं. माणची मेंढपाळ बाई, पण काय आवाज! जाहिरातींना गाणी भाड्यानं देणाऱ्या मुंबईच्या कंपनीचा करार मी वाचून दाखवला. ‘कायमस्वरूपी’ ऐकताच तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

“आवं मास्तर, लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवतो ती बी राती ठरवून. राती सरल्या की उठवतो. गाण्याला मुदत नको व्हय? दोन वर्सं लिवा.”

मी भीतभीत फोन केला, तर कंपनी लगेच तयार! एवढं सोपं होतं? माझ्या सतारीच्या सगळ्या धुना मी याच कंपनीला कायमच्या देऊन बसलोय. विचारायचं सुचलंच नाही. तिला मात्र... ते बोट डोळ्यांसमोरून हलत नाही.

निघताना तिनं सहज विचारलं, “तुमची गाणी कवा परत येणार?”