निरोपांची नोकरी

प्रिय दादा,

तू बरा असशील असं धरून चालते. मी आजारी नाही, नुसती दमले आहे. पाय दमले तर शाळेतले खेळाचे सर बर्फ लावायला सांगतात. या दमण्याला काय लावायचं, ते त्यांनाही ठाऊक नाही.

तू भांडून घर सोडलंस तेव्हापासून तुझं आणि बाबांचं बोलणं माझ्याच तोंडून चालतं. बाबा म्हणतात, त्याला सांग, गॅरेजची दुसरी किल्ली पाठव. तू म्हणतोस, त्यांना सांग, किल्ली आणि गॅरेज दोन्ही गेलं खड्ड्यात. मी त्यांना सांगते, दादा कामात आहे, पाठवेल. ते तुला नालायक म्हणाले की मी तुला कळवते, बाबा तब्येत विचारत होते. आई म्हणते, पोरीच्या जिभेवर साखर आहे. साखर कसली, सगळं कडू माझ्याच पोटात जातं आणि मैदानावर बाहेर पडतं.

शाळेच्या रिलेच्या आदल्या संध्याकाळी मला या सगळ्याचा वीट आला आणि तुझा निरोप मी जसाच्या तसा सांगितला. बाबा भरल्या ताटावरून उठले. आई मलाच बोलली. दुसऱ्या दिवशी माझ्याआधी धावणाऱ्या मुलीच्या हातून बॅटन मला देता देता पडलं. ज्याच्या हातून पडतं त्यानेच उचलायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी मात्र डोक्यात राख घालून तिला ढकललं, स्वतःच ते उचललं आणि पळत सुटले. संघ बाद झाला. वर तिच्यावर ओरडलेही.

सरांनी मला संघाबाहेर बसवलं. राग आला की बुटांच्या नाड्या सोडायच्या, पुन्हा नीट बांधायच्या, मगच तोंड उघडायचं, असं त्यांनी बजावलंय. घरात चपलांना नाड्या कुठून आणू? म्हणून हल्ली मी स्वयंपाकघरातही बूट घालून बसते. आई हसते. त्या मुलीची मी माफी मागितली. आता ती सरावाला शेजारी उभी राहते. रविवारी सर मला पुन्हा धावायला देणार आहेत.

आज बाबांनी गॅरेजमध्ये बोलावलं. त्याला लिही म्हणाले, आणि एकच वाक्य सांगितलं. चांगलं वाक्य होतं रे. पहिल्यांदाच त्यात मला काही बदलावं लागलं नसतं. मला इतका राग आला की रडूच फुटलं. एवढं साधं बोलायला इतके दिवस का लावले? खाली बसून मी दोन्ही नाड्या सोडल्या, बांधल्या. मग न ओरडता म्हटलं, बाबा, हे मी कळवणार नाही, तुम्हीच सांगा. त्यांनी फडक्याला हात पुसले. मग रविवारी फोन करतो म्हणाले. आधी ते हवापाण्याचं बोलतील, मधेच गप्प होतील. तू फोन ठेवू नकोस. या वेळी सांभाळून घ्यायला मधे मी नसेन.

तुझीच,
दमलेली धाकटी